स्वतःवरील मालकी आणि तारेचे कुंपण : सोलापूरच्या सेटलमेंटच्या संदर्भात अराज्यवादी स्वातंत्र्यविचाराचे ऐतिहासिक परिशीलन

प्रस्तावना

सोलापूर शहरात ‘सेटलमेंट फ्री कॉलनी’ या नावाच्या वस्त्या आहेत. त्यांना क्रमांक आहेत आणि टपालाच्या पत्त्यावर, शिधापत्रिकेवर, शाळेच्या दाखल्यावर हे नाव आजही लिहिले जाते. यातील ‘सेटलमेंट’ हा शब्द तडजोड किंवा जमाबंदी या अर्थाने आलेला नाही. ब्रिटिश राजवटीने ज्या जमातींना कायद्याने गुन्हेगार घोषित केले, त्यांना तारेच्या कुंपणात ठेवण्याच्या योजनेचे ते नाव होय. ‘फ्री कॉलनी’ म्हणजे चांगल्या वर्तणुकीची खात्री पटल्यावर ज्या कुटुंबांना कुंपणाबाहेर राहण्याची मुभा मिळाली त्यांची वस्ती. माणूस मोकळा आहे ही गोष्ट वस्तीच्या नावात मुद्दाम नोंदवावी लागली, यावरून कुंपणाच्या आतील माणसाची स्थिती काय होती याची कल्पना येते.

माणूस हा स्वतःच्या शरीराचा, श्रमाचा आणि हालचालीचा मालक आहे, हे तत्त्व युरोपातील उदारमतवादी तसेच अराज्यवादी विचारात मूलभूत मानले गेले आहे. आपल्याकडील विद्यापीठीय अभ्यासक्रमात ते राज्यशास्त्राच्या पाठ्यपुस्तकातील एक प्रकरण म्हणून येते व परीक्षेनंतर विसरले जाते. वस्तुतः या तत्त्वाची कसोटी पाहण्यासाठी फार दूर जाण्याचे कारण नाही. सोलापुरात एका बाजूला कायद्याने माणसाची स्वतःवरील मालकी काढून घेतलेली वसाहत होती आणि दुसऱ्या बाजूला याच शहराने मे १९३० मध्ये काही दिवस सरकारी यंत्रणेवाचून कारभार चालविला. या दोन घटना एकमेकींशेजारी ठेवून आत्मस्वामित्वाच्या विचाराचे सामर्थ्य आणि त्याच्या मर्यादा तपासणे हा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे.

आत्मस्वामित्वाचा विचार

जॉन लॉक याने १६८९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या शासनविषयक दुसऱ्या प्रबंधात प्रत्येक माणसाची स्वतःच्या देहावर मालकी असते असे प्रतिपादन केले आणि श्रमाच्या मार्गाने तीच मालकी जमिनीपर्यंत नेली. पुढील शंभर-दीडशे वर्षांत या विचाराच्या दोन वाटा झाल्या. एक वाट खासगी मालमत्तेच्या समर्थनाकडे गेली. तिचे अलीकडचे टोक म्हणजे रॉबर्ट नोझिक याचा १९७४ मधील ग्रंथ. दुसरी वाट डावीकडे वळली. १७९७ मध्ये टॉमस पेन याने जमीन ही मुळात सर्वांची असून ती ताब्यात ठेवणाऱ्याने इतरांचे देणे लागते अशी मांडणी केली. १८७९ मध्ये हेन्री जॉर्ज याने जमिनीच्या खंडावरील कराच्या रूपाने तोच मुद्दा पुढे नेला. विसाव्या शतकाच्या अखेरीस हिलेल स्टायनर, पीटर व्हॅलेन्टाइन, मायकेल ओत्सुका आदी अभ्यासकांनी त्याला व्यवस्थित सैद्धांतिक रूप दिले. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे की, माणूस स्वतःचा पूर्ण मालक आहे. परंतु जमीन, पाणी, खनिजे ही कोणीच निर्माण केलेली नसल्याने त्यांच्यावर सर्वांचा समान हक्क आहे. हे दुसरे कलम वगळले तर पहिले कलम पोकळ ठरते.

अराज्यवादी परंपरा याच प्रश्नाकडे वेगळ्या दिशेने आली. प्रूधाँ याने १८४० मध्ये मालमत्तेला चोरी ठरविले आणि स्वतःला अराज्यवादी म्हणवून घेतले. बाकुनिन याने स्वातंत्र्य ही एकट्याची वस्तू मानली नाही. भोवतालची माणसे मोकळी असतील तरच आपण मोकळे, असा त्याचा आग्रह होता. क्रोपोटकिन स्वतः रशियातील आणि फ्रान्समधील तुरुंगांत राहिलेला होता. तुरुंग गुन्हा कमी करीत नाही, तो गुन्हेगार घडवितो, असे त्याने अनुभवाने लिहिले. त्याच्या १९०२ मधील परस्पर साहाय्यावरील ग्रंथाचा रोख असा की, माणसे एकत्र राहतात ती वरून कोणी हुकूम देतो म्हणून नव्हे, तर एकमेकांच्या आधाराशिवाय त्यांचे चालत नाही म्हणून.

येथे शब्दाविषयी थोडे सांगणे आवश्यक आहे. मराठीत ‘अराजक’ म्हटले की राजा नसल्यामुळे माजलेला गोंधळ, बळी तो कान पिळी अशी अवस्था डोळ्यांपुढे येते. राज्यसंस्थेवाचून नांदणारी सुव्यवस्था हा अर्थ त्यातून निघत नाही. म्हणून ‘अराज्यवाद’ हा पर्याय अधिक योग्य. ब्रिटिश सरकारला अर्थातच पहिलाच अर्थ सोयीचा होता. रौलट कायदा या नावाने ओळखल्या जाणाऱ्या १९१९ च्या कायद्याचे अधिकृत नाव ‘अराजकी व क्रांतिकारी गुन्हे अधिनियम’ असे होते. त्याआधी ६ फेब्रुवारी १९१६ रोजी बनारस येथील भाषणात गांधीजींनी आपणही एक अराज्यवादी आहोत, मात्र निराळ्या प्रकारचे, असे जाहीर करून सभेत खळबळ उडविली होती. विनोबांचा शासनमुक्त समाजाचा विचार हा याच वाटेवरचा. तर तात्त्विक अराज्यवादाचे भारतातील एक प्रमुख प्रतिपादक एम. पी. टी. आचार्य यांनी १९३५ ते १९५४ ही आयुष्यातील अखेरची वर्षे मुंबईत घालविली. त्यांची दखल मराठी विचारविश्वाने फारशी घेतली नाही.

महाराष्ट्रात माणसाच्या स्वतःवरील हक्काचा प्रश्न सर्वांत मूलगामी रीतीने मांडला तो महात्मा फुले यांनी. १८७३ मधील ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ त्यांनी अमेरिकेतील गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्यांना अर्पण केला. सर्व स्त्री-पुरुष जन्मतः स्वतंत्र आहेत, हे सूत्र त्यांच्या मृत्यूनंतर १८९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘सार्वजनिक सत्यधर्म’ पुस्तकातही आहे. फुले अराज्यवादी नव्हते. परंतु जन्मावरून माणसावर दुसऱ्याची सत्ता चालू शकत नाही हे त्यांचे सूत्र गुन्हेगार जमातींच्या कायद्याला नेमके लागू पडते. कारण त्या कायद्याचा सारा डोलारा जन्मावर उभा होता.

जन्माने ठरविलेला गुन्हा

गुन्हेगार जमातींचा पहिला कायदा १८७१ मध्ये झाला आणि तो प्रथम उत्तर हिंदुस्थानात लागू करण्यात आला. विधेयक मांडताना सरकारपक्षाने दिलेले समर्थन प्रसिद्ध आहे. या देशात विणकाम, सुतारकाम असे धंदे बापाकडून मुलाकडे जातात. त्याचप्रमाणे गुन्हा हाही काही जातींचा पिढीजात धंदा असला पाहिजे, असा तो युक्तिवाद होता. सोलापूरसारख्या विणकरांच्या शहरात बसून हा युक्तिवाद वाचताना विशेष बोचतो. विणकराच्या मुलाचा हात मागावर बसतो, कारण घरात माग असतो आणि तो शिकविणारे वडीलधारे असतात. त्याच्या रक्तात धोटा नसतो. मग चोरी तरी रक्तात कशी असेल? परंतु कायदा करणाऱ्यांनी कसब आणि रक्त यांत भेद केला नाही.

१९११ च्या कायद्याने ही तरतूद मुंबई इलाख्यासह सर्व देशभर नेण्याची वाट मोकळी केली आणि १९२४ मध्ये सुधारणांसह एकत्रित कायदा करण्यात आला. स्थानिक सरकारने राजपत्रात अधिसूचना काढली की ती जमात गुन्हेगार ठरे. त्या अधिसूचनेच्या वैधतेविरुद्ध कोणत्याही न्यायालयात दाद मागता येत नसे. जमातीतील माणसांची नोंद होई, बोटांचे ठसे घेतले जात, ठराविक वेळी हजेरी द्यावी लागे, मुक्काम हलवायचा तर आधी कळवावे लागे. एखाद्या जमातीला वसाहतीत नेऊन ठेवण्याचा अधिकार सरकारला होता. सहा वर्षांवरील आणि अठरा वर्षांखालील मुलांना आईबापांपासून वेगळे करून शाळेत ठेवण्याचीही तरतूद होती. नोंद झालेला माणूस संशयास्पद परिस्थितीत आढळला तर तेवढ्यावरून त्याला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकत असे. त्याने प्रत्यक्षात काही केले आहे हे सिद्ध होण्याची गरज नव्हती.

लॉकच्या परिभाषेत बोलायचे तर येथे माणसाच्या देहाची मालकीच सरकारकडे वर्ग झाली होती. गुलामगिरीत निदान मालक कोण हे ठाऊक असते. या कायद्यात मालक म्हणून एक हजेरीबुक होते.

हे अपरिहार्य होते असे मात्र म्हणता येत नाही. सोलापूरपासून फार दूर नसलेल्या कोल्हापूर संस्थानात राजर्षी शाहू महाराजांनी १९१८ मध्ये महार, मांग, रामोशी, बेरड यांच्यावरील हजेरीची सक्ती बंद केली आणि फासेपारध्यांना संस्थानात काम व आसरा दिला. एकाच दशकात इंग्रजी मुलखात वसाहती उभ्या राहत होत्या आणि शेजारच्या संस्थानात हजेरी उठत होती.

उमेदपूर

मुंबई इलाख्यातील वसाहतींची योजना प्रामुख्याने ओ. एच. बी. स्टार्ट या सनदी अधिकाऱ्याच्या नावाशी जोडलेली आहे. विजापूर भागात सुरू झालेला हा प्रयोग पुढे हुबळी, गदग, सोलापूर, बारामती आदी ठिकाणी विस्तारला. सोलापूरची वसाहत अमेरिकन मराठी मिशनच्या व्यवस्थापनाखाली चालविली गेली व तिला उमेदपूर असे नाव देण्यात आले. कैकाडी, पारधी, टकारी, भामटा, मांग-गारुडी, कंजारभाट अशा निरनिराळ्या जमातींची माणसे मुंबई इलाख्यातील अशा वसाहतींमध्ये आणली जात. त्यांतील काहींचा भटका व्यवसाय रेल्वे आणि पक्के रस्ते आल्यामुळे आधीच मोडला होता. तांड्याने माल वाहणाऱ्याला, टोपल्या विणणाऱ्याला, जनावरे विकत गावोगाव फिरणाऱ्याला नव्या अर्थव्यवस्थेत जागा उरली नव्हती. फिरणे हाच मग संशयाचा पुरावा झाला.

स्टार्ट हा क्रूर अधिकारी नव्हता. १९२८ मध्ये मुंबई सरकारने दलित वर्ग व आदिवासी यांच्या स्थितीविषयी जी समिती नेमली तिचा तो अध्यक्ष होता आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर तिचे सदस्य होते. त्याच्या वसाहतींत शाळा होत्या, सहकारी पतपेढ्या होत्या, वर्तणुकीप्रमाणे टप्प्याटप्प्याने सवलती होत्या. कुंपणाच्या आत, मग फ्री कॉलनीत, मग बाहेर, असा तो चढता क्रम होता. या योजनेत सद्हेतू होता हे मान्य करणे इतिहासदृष्ट्या प्रामाणिकपणाचे ठरेल. पण अराज्यवादी टीकेचे मर्म नेमके येथेच आहे. जुलमी सत्तेविरुद्ध बोलणे सोपे असते. जी सत्ता तुमचे भले करण्यासाठी तुम्हाला कोंडते आणि तुम्ही कधी माणूस झालात हे तीच ठरविते, तिच्याविरुद्ध बोलायला शब्द सापडणे कठीण. उमेदपूर या नावात उमेद होती, परंतु ती कोणी कोणासाठी बाळगायची हे व्यवस्थापक ठरवीत.

सोलापूरची निवड योगायोगाने झालेली नव्हती. १८७७ मध्ये येथे जुनी गिरणी सुरू झाली होती, पुढे लक्ष्मी, विष्णू, नरसिंग गिरजी आदी गिरण्या उभ्या राहिल्या आणि शहराला सतत हातांची गरज होती. वसाहतीतील स्त्री-पुरुष गिरण्यांत कामाला जात. त्यांना मजुरी मिळे. त्यामुळे ही वेठबिगारी नव्हती असा दावा करता येत असे. डाव्या चळवळीत ‘मजुरीची गुलामी’ हा शब्दप्रयोग रूढ आहे आणि तो निरर्थक नाही. उपाशी माणूस गिरणीच्या दारात उभा राहतो तेव्हा त्याची निवड कितपत स्वतंत्र असते? तरीही सोलापूरच्या गिरणीत एकाच खात्यात उभ्या असलेल्या दोन कामगारांची तुलना केली तर या शब्दप्रयोगाची मर्यादा दिसते. एक कामगार चाळीत राहणारा. तो काम सोडून गावी जाऊ शके, संपावर जाऊ शके, दुसऱ्या गिरणीत नाव घालू शके. दुसरा कामगार भोंगा झाल्यावर तारेच्या आत परतणारा. काम सोडले तर त्याला उत्तर गिरणीमालकाला नव्हे, वसाहतीच्या अधिकाऱ्याला द्यावे लागे. काम तेच आणि धूळ तीच, परंतु दुसऱ्याला ‘नाही’ म्हणता येत नव्हते. आत्मस्वामित्वाची सर्वांत साधी व्याख्या बहुधा हीच असावी.

सोलापूरच्या कामगारांचा इतिहास लिहिणाऱ्या मंजिरी कामत यांनी शहरातील मजूरवर्गाला शिस्तीत ठेवण्याच्या प्रयत्नांचा तपशीलवार अभ्यास केला आहे. त्या संदर्भात पाहिले असता वसाहत ही शहराच्या कडेला असलेली अपवादात्मक जागा राहत नाही. गिरणीचा भोंगा आणि वसाहतीची हजेरी ही एकाच दिवसाची दोन वेळापत्रके होती.

मे १९३० : सरकारवाचून शहर

मिठाच्या सत्याग्रहाच्या काळात सोलापूर आधीच तापलेले होते. ५ मे १९३० च्या पहाटे गांधीजींना अटक झाल्याची बातमी येताच शहरात हरताळ पडला. ८ मे रोजी रूपाभवानी परिसरात शिंदीची झाडे तोडण्यावरून जमाव व पोलीस यांच्यात संघर्ष झाला. पोलिसांनी गोळीबार केला आणि त्यात शंकर शिवदारे हा तरुण मारला गेला. संतप्त जमावाने न्यायालयाची इमारत पेटविली. मंगळवार पेठेच्या चौकीवरील दोन पोलीस ठार झाले. त्यानंतर शहरातून पोलीस काढून घेण्यात आले आणि १२ मे रोजी लष्करी कायदा पुकारला जाईपर्यंत शहराच्या रस्त्यांवर सरकार नव्हते.

या मधल्या दिवसांत स्वयंसेवकांनी रस्त्यांवरील रहदारी सांभाळली, बंदोबस्त ठेवला, शहराचे दैनंदिन व्यवहार चालू राहतील हे पाहिले. क्रोपोटकिनच्या परस्पर साहाय्याच्या कल्पनेचे इतके जवळचे उदाहरण महाराष्ट्राच्या इतिहासात दुसरे शोधावे लागेल. पुढे १९४२ नंतर सातारा भागातील प्रतिसरकारने याहून कितीतरी दीर्घकाळ व संघटित स्वरूपात कारभार केला. पण त्याने आपल्याला ‘सरकार’ म्हणवून घेतले, न्यायदान केले, शिक्षा केल्या. सोलापूरच्या त्या दिवसांना असे नाव घेण्याइतकी सवडच मिळाली नाही. अर्थात या काळाचे अतिरेकी गुणगान करणेही योग्य नव्हे. त्याची सुरुवात गोळीबाराने आणि हत्यांनी झाली होती. सारे सामंजस्याने घडले असे चित्र रंगविणे म्हणजे मृतांशी अन्याय होईल, मग ते जमावातील असोत वा चौकीतील.

लष्करी कायदा जूनच्या अखेरपर्यंत चालला. लष्करी नियमांचा रोख पाहण्यासारखा आहे. राष्ट्रीय झेंडा घेऊन फिरणे हा गुन्हा ठरला आणि रहदारीचे नियंत्रण करण्यासारखी सरकारी यंत्रणेची कामे आपल्या हाती घेणे हाही. दंगल करणे गुन्हा ठरावे हे समजण्यासारखे आहे. परंतु चौकात उभे राहून बैलगाड्यांना वाट दाखविणे हा लष्करी न्यायालयासमोरचा गुन्हा का ठरावा? लोक सरकारवाचून गोंधळ घालतात याची सरकारला भीती नव्हती. लोक सरकारवाचून नीट वागू शकतात, ही गोष्ट अधिक धोकादायक वाटली असावी. लष्करी कायद्याच्या वैधतेचा प्रश्न पुढे ‘चनाप्पा शांतिरप्पा विरुद्ध सम्राट’ या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयापुढे आला होता. दोन पोलिसांच्या हत्येच्या आरोपावरून मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि ‘गझनफर’ या पत्राचे संपादक अब्दुल रसूल कुर्बान हुसेन या चौघांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवडा तुरुंगात फाशी देण्यात आले. शहराच्या मध्यवर्ती चौकात त्यांचे स्मारक आहे. लिंगायत, मारवाडी, मराठा आणि मुसलमान असे हे चौघे. सोलापूर आपल्या एकीचा दाखला त्यांच्या नावाने देते आणि तो योग्यच आहे.

परंतु या एकीच्या कथनात उमेदपूर सहसा येत नाही. शहराने स्वतःवरील मालकी काही दिवसांपुरती परत घेतली, त्या वेळी शहराच्याच हद्दीत ज्यांना अशी मालकी कायद्याने नाकारलेली होती त्यांचा प्रश्न स्वातंत्र्याच्या प्रश्नात धरला गेला नव्हता. त्यांच्यावरील कायदा त्यानंतर जवळजवळ वीस वर्षे टिकला. बाकुनिनचा निकष लावला तर तारेबाहेरचे स्वातंत्र्यही तेवढ्या प्रमाणात अपुरे होते. हा दोष हुतात्म्यांचा नव्हे. नंतर ज्यांनी या घटनेचा इतिहास लिहिला त्यांनी तरी हा प्रश्न विचारायला हवा होता. राष्ट्रीय नेतृत्वाला त्याची जाणीव नव्हती असेही नाही. पंडित नेहरू यांनी १९३६ मध्ये आंध्र भागात बोलताना या कायद्याला नागरी स्वातंत्र्याचा संपूर्ण निषेध मानले होते आणि मुंबईत काँग्रेस मंत्रिमंडळाच्या काळात क. मा. मुन्शी यांच्या अध्यक्षतेखाली एक चौकशी समितीही नेमली गेली.

कुंपण निघाल्यानंतर

मुंबई प्रांतात हा कायदा १९४९ मध्ये रद्द झाला. अनंतशयनम अय्यंगार समितीच्या शिफारशींनंतर ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो देशभरातून गेला. हा दिवस विमुक्त दिन म्हणून पाळला जातो. पंडित नेहरूंनी १९६० मध्ये सोलापुरात येऊन सेटलमेंटची तार तोडली आणि या लोकांना ‘विमुक्त’ म्हटले, ही आठवण भटक्या-विमुक्तांच्या चळवळीत आवर्जून सांगितली जाते. कायदा जाणे आणि तार जाणे यांत लोकस्मृतीने काही वर्षांचे अंतर ठेवले आहे, हे लक्षणीय आहे.

देह मोकळा झाला, पुढे काय? डाव्या आत्मस्वामित्ववादाचा दुसरा भाग येथे उपयोगी पडतो. जी. ए. कोहेन याने १९९५ मधील ग्रंथात दाखवून दिले की, ज्याच्याकडे उत्पादनाचे कोणतेही साधन नाही अशा माणसाची स्वतःवरील मालकी केवळ कागदोपत्री असते. कोहेन याने त्यामुळे ही संकल्पनाच नाकारण्याकडे कल दाखविला. विमुक्तांच्या बाबतीत मात्र ती नाकारणे परवडणारे नाही. कारण ज्यांच्यापासून ती प्रत्यक्ष हिरावली गेली त्यांना तिचे मोल पुस्तकातून शिकावे लागत नाही. त्यांच्या बाबतीत चूक झाली ती दुसऱ्या कलमाची. सरकारने हजेरी उठविली, पण जमिनीतील वाटा दिला नाही. वसाहतींमुळे फिरण्याचे जुने कसब गेलेले, नव्या मजुरीचा आधार म्हणजे गिरणी. आणि विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत सोलापूरच्या मोठ्या कापड गिरण्या एकामागून एक बंद पडल्या. ज्या भोंग्यासाठी त्यांना येथे आणले गेले तो भोंगाच थांबला.

शिवाय जमातीचा कायदा गेला तरी व्यक्तीच्या नावाने दुसरा आला. मुंबई राज्यात १९५९ मध्ये सराईत गुन्हेगारांविषयीचा कायदा झाला. त्यात जमातीचे नाव नाही. पोलीस ठाण्याच्या सवयीत ते राहिले. लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ आणि लक्ष्मण गायकवाड यांचे ‘उचल्या’ ही आत्मकथने मराठी वाचकांपुढे आली तेव्हा पांढरपेशा वाचकाला धक्का बसला. गावात चोरी झाली की पहिली धाड कोणाच्या पालावर पडते, हे त्याला ठाऊक नव्हते असे नव्हे; ते पालाच्या आतून कसे दिसते हे ठाऊक नव्हते. १९९८ मध्ये पश्चिम बंगालमध्ये बुधन शबर या तरुणाचा कोठडीत मृत्यू झाल्यानंतर महाश्वेता देवी, गणेश देवी आणि लक्ष्मण गायकवाड यांनी विमुक्तांच्या हक्कांसाठी देशपातळीवर मंच उभा केला. पुढे रेणके आयोग, इदाते आयोग आले, अहवाल झाले.

जमातीची मालकी

अराज्यवादी विचाराची एक अडचणही येथे नोंदविली पाहिजे. राज्यसंस्था हा स्वातंत्र्याचा एकमेव शत्रू मानला तर जातपंचायतीचे काय करायचे, हा प्रश्न उरतो. जातपंचायत ही राज्याबाहेरची, स्वयंशासित, लेखी कायद्यावाचून चालणारी संस्था आहे. वरवर पाहता अराज्यवाद्याला प्रिय वाटावी अशी. पोलीस आणि न्यायालय जेव्हा केवळ शत्रू म्हणूनच ठाऊक होते तेव्हा या पंचायतींनी जमातीला एकत्र ठेवले, तंटे मिटविले, हेही खरे. परंतु त्याच पंचायतींनी लग्न, दंड आणि बहिष्कार यांच्या मार्गाने माणसावर, आणि विशेषतः स्त्रीच्या देहावर, स्वतःची मालकी सांगितली. कंजारभाट समाजातील तरुण-तरुणींनी २०१७ च्या सुमारास पुणे परिसरात नववधूच्या कौमार्यपरीक्षेविरुद्ध मोहीम उघडली. या मोहिमेत त्यांचा मुख्य सामना पोलिसांशी नव्हे, आपल्याच पंचायतीशी होता. सामाजिक बहिष्काराविरुद्धचा महाराष्ट्राचा कायदा त्याच वर्षी अमलात आला होता. म्हणजे ज्या राज्यसंस्थेने एकेकाळी त्यांच्या पणज्यांना कुंपणात घातले, तिच्याच कायद्याचा आधार पणतीला स्वतःच्या देहावरील हक्कासाठी घ्यावा लागला. अराज्यवाद्यांना हे उत्तर द्यायला अवघड आहे. तथापि, आत्मस्वामित्वाच्या तत्त्वाला ते अवघड नाही. कारण ते तत्त्व मालक कोण हे विचारते, सरकार की समाज हा भेद त्यात दुय्यम आहे.

सर्वोच्च न्यायालयाने ३ ऑक्टोबर २०२४ रोजी ‘सुकन्या शांता विरुद्ध भारत सरकार’ या प्रकरणात दिलेल्या निकालाने हा इतिहास पुन्हा न्यायालयात आणला. निरनिराळ्या राज्यांच्या तुरुंग-नियमावल्यांत कैद्यांना जातीवरून कामे वाटण्याच्या आणि विमुक्त जमातींच्या माणसांना जन्मावरून सराईत गुन्हेगार समजण्याच्या तरतुदी शिल्लक होत्या. गुन्हेगार जमातींचा कायदा जाऊन बहात्तर वर्षे झाली होती. न्यायालयाने त्या तरतुदी घटनाबाह्य ठरविल्या आणि तुरुंगातील नोंदवह्यांमधून जातीचा रकाना काढून टाकण्याचा आदेश दिला.